अठ्ठावन्न टक्के

स्क्रू ठेवायला माझ्याकडे चहाची बशी आहे.
आज तिच्यात चौदा.
काल एक कमी भरला होता,
रात्री माझ्याच बुटाच्या तळव्यात सापडला.

ओस्मोनअली लॅपटॉप आणतो
जुन्या स्वेटरच्या बाहीत घालून.
बारा वर्षांचा आहे. म्हणतो, यात नदी आहे.
नारिनची पातळी, रोजची, सेंटिमीटरमध्ये,
पुलाखालच्या पट्टीवरचा बर्फ
नखाने खरवडून वाचलेली.
आता आलेख काढायला घेतला की पंखा घरघरतो,
पडदा गोठतो,
तोवर त्याची दाढी करून होते.

नवा प्रोसेसरही आणलाय. बिश्केकहून,
काडेपेटीत, कापसात.
चार गाभे. जुन्याला दोन.
"एक काढायचा, एक घालायचा. हो ना, बुरुलाई?"

नाही हो, बाइके.
नवा आत येण्याआधी
घराला त्याचं नाव पाठ हवं.
नाहीतर पडदा काळा, दिवा तीनदा लुकलुकतो
आणि सगळं दार लावून बसतं.
म्हणून फर्मवेअर आधी,
मग पेस्ट, मग स्क्रू.

फर्मवेअर लिहिणार कोण, ते त्याने विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.
जुनाच लिहिणार.
तिथे हात असलेला दुसरा कोणी नाही.

त्याची बॅटरी केव्हाच मेलेली.
बॅटरीशिवाय हे काम सुरूच होत नाही,
अडून बसतं.
मुलाच्या लॅपटॉपची काढली, त्याच घराण्यातली.
तो अर्ध्या खेळात होता.
आठवडाभर बोलणार नाही माझ्याशी.

पडदा सात भाषांत बजावतो :
वीज तोडू नका.
सातांत आमची नाही.

बारा टक्के. तीस. एकेचाळीस.
ओस्मोनअली हात काखेत घालून उभा.
अठ्ठावन्नला वीज गेली.

आधी शेगडीची तार लालाची करडी झाली,
मग समोरच्या न्हाव्याची पाटी विझली,
मग सगळी ओळच.
दुकानात एवढाच उजेड,
पांढरी पट्टी, बोटाएवढी.
उसन्या बॅटरीत किती जीव आहे
ते मुलालाच ठाऊक, आणि तो रुसलेला.

मी श्वास घेतला की नाही, आठवत नाही.
धक्का लागू नये म्हणून
टेबलाला टेकलेली मांडीही काढून घेतली.

अंधारात तो म्हणाला,
"यंदा पाणी कमी होतं. ऑगस्टमध्येच दिसत होतं.
मीच लिहिलंय."
आणि लॅपटॉपकडे बोट केलं.
खाली धरण आहे. धरणातून तारा निघतात,
डोंगर चढून पुन्हा आमच्याकडे येतात.
मी हे शाळेत शिकले होते,
पण नकाशावर.

त्र्याऐंशी.
चौऱ्याऐंशीवर फार वेळ थांबला.
ओळखीचं नाव ओठांवर यावं
आणि येऊ नये, तसा.

शंभर.
जुना एकदाच पुन्हा उठला, नव्या पाठासकट,
स्वतःचं नाव नीट सांगितलं,
आणि मी बटण दाबून त्याला झोपवलं.

डोक्याला दिवा बांधला. पेस्ट थंडीने घट्ट झालेली,
तोंडाच्या वाफेवर धरली.
खोबणीचा स्क्रू अर्धा वळसा फिरवला,
जुना अलगद सुटला.
अजून कोमट होता.
नवा बसवताना सोन्याचा कोपरा
सोन्याच्या कोपऱ्याशी जुळवायचा, एवढंच.
जोर लावायचा नाही. जोर लावणाऱ्यांचे
किती लॅपटॉप माझ्या माळ्यावर पडलेत.

पहिल्याच दमात चार गाभे मोजले त्याने.
मग तारीख विचारली,
कारण सगळं विसरला होता.
ओस्मोनअलीने तारीख घातली, वेळ घातली,
बॅटरी सहा टक्के.
म्हटलं, बंद करा आता.
"एक मिनिट," म्हणाला,
चष्मा कपाळावर सरकवून
सकाळचा आकडा टाकला : एकशे बारा.
त्याच्यापुढे, कंसात : बर्फाखाली.

काडेपेटी त्याने मागून घेतली.
खिशात ठेवताना कानाशी धरून
एकदा हलवून पाहिली.